नऊ गोष्टी आणि लंच टायमातली पोरं

पत्र :

ताई, सादर नमस्कार. मी ३४ वर्षांचा आहे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. मूळ गाव निफाड तालुक्यात, तिथे तीन एकर द्राक्षबाग आहे, वडील आणि मोठा भाऊ बघतात, मी दर रविवारी जातो. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, हप्ते चालू आहेत, मिसेसपण जॉब करते, मुलगी पाच वर्षांची आहे. नोकरी आणि बागेशिवाय माझं सध्या डिस्टन्सने एमबीए (दोन सेमिस्टर राहिल्यात), शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग, द्राक्षावर यूट्यूब चॅनेल, जर्मन भाषेची ए-वन पातळी, सकाळचं रनिंग, बासरीचा क्लास आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद, असं एकूण नऊ चालू आहे. सगळंच अर्धवट. झोपायला एक वाजतो. घरच्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त लंच टायमात जरा बरं वाटतं, आयटीआयची अप्रेंटिस पोरं डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसतात, ड्रॉइंग कसं वाचायचं, फर्स्ट अँगल थर्ड अँगल ओळखायचं कसं, टॉलरन्स म्हणजे नेमकं काय, मायक्रोमीटर किती आवळायचा असलं विचारत राहतात, त्यात अर्धा तास कुठे जातो कळत नाही, पण तो काय टाइमपास. ते चार गोलांचं इकिगाईचं (जगण्याचं कारण शोधायचं) चित्र पण भरून बघितलं, काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवं, पैसे कशाचे मिळतील, मधली जागा रिकामीच राहिली. माझ्या आयुष्याचा पर्पज मला सापडत नाहीये. कसा शोधू?
– अस्वस्थ, पाथर्डी फाटा

ता. क. हाफ मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन महिनाअखेर बंद होतंय, करू का?

उत्तर :

तुला अरेतुरे करते हं, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

आधी एक हिशोब करूया, कारण तू क्वालिटीवाला, तुला आकडा दिसल्याशिवाय पटायचं नाही. आठवड्याचे तास १६८. ड्युटी आणि जाणं-येणं मिळून रोजचे १० धरले तर सहा दिवसांचे ६० गेले. झोप सात तास धरते (तेवढी तुला मिळत नाहीये हे तूच लिहिलंयस, तरी धरते) ते ४९. अंघोळ, जेवण, किराणा, दळण, बिलं भरणं, घरातलं इकडचं तिकडे, रोजचे चार म्हणजे २८. राहिले ३१. रविवारी गावाला जाऊन येऊन आठ तास सहज जातात, राहिले २३. आता या २३ तासांत तुला एमबीए, ऑप्शन, यूट्यूब, जर्मन, पळणं, बासरी आणि सोसायटी बसवायचीये, म्हणजे एकेकीच्या वाट्याला सव्वातीन तास. सव्वातीन तासांत जर्मन येत नाही रे, बासरीसुद्धा येत नाही, नुसता आपण काहीतरी करतोय असा भास येतो आणि शनिवारी रात्री अपराधी वाटतं.

आणि या हिशोबात मी मुलीला कुठेच धरलेलं नाही, कारण तुझ्याही यादीत ती नव्हती. पुन्हा वाच तुझंच पत्र. नोकरी आहे, बाग आहे, बासरी आहे, ती नाहीये, ती हप्त्यांच्या वाक्याला जोडून आलीये. घरचे तक्रार करत नाहीत म्हणतोस, पण पाच वर्षांचं पोर तक्रार काय करणार, तिला वाटतं सगळ्यांचे बाबा असेच असतात, घरी आले की मोबाइलमध्ये लाल-हिरव्या रेघा बघतात. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, तुला वाचतानाही वाटेल, पण इथे गोड बोलून मला पुढे जाता येणार नाही.

तू निफाडचा, तुला मी बागेचं काय सांगणार, पण आम्ही पण पिंपळगावकडचेच आणि लहानपणी दिवाळीनंतर बागेत विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, मी बसलेली आहे. कात्री हातात आली की पहिल्यांदा काही कळत नाही काय कापायचं, सगळे मणी सारखेच हिरवे, सगळेच चांगले. मी आजीला विचारायचे, यातला खराब कुठला ते दाखव ना, तर ती म्हणायची, खराब एकही नाहीये गं, जागा नाहीये. मला तेव्हा ते फार क्रूर वाटायचं, खाली पडलेले मणी मी ओच्यात गोळा करून ठेवायचे. मग पुढे जानेवारी-फेब्रुवारीत तोच घड बघितला की कळायचं, एक्स्पोर्टला मणी १६-१८ मिमी फुगायला लागतो आणि तो शेजाऱ्याला ढकलून फुगत नाही, त्याला आधीच मोकळं करून द्यावं लागतं. तुझ्या नऊतली एकही गोष्ट खराब नाहीये (एक आहे, तिच्यावर येते पुढे), म्हणून तर तुला सोडवत नाहीयेत. वाईट गोष्ट माणूस सोडतो, निदान सोडायला पाहिजे हे तरी त्याला कळतं, चांगल्या गोष्टींच्या गर्दीत मात्र माणूस वर्षानुवर्षं बसून राहतो आणि लोक म्हणतात काय हरहुन्नरी आहे.

पण खरं सांगू का, मला विरळणीपेक्षा खरड छाटणीच जास्त आठवली तुझं पत्र वाचून. एप्रिलमध्ये बाग खरडली की मांडवावर काही राहत नाही, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या जुन्या जाड फांद्या, दिसतात, बाहेरचा माणूस बघून म्हणेल बाग मेली यांची. आणि पुढच्या हंगामाचा घड त्या उन्हाळ्यातच ठरतो, नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, आतल्या आत तयार होत असतो, वरून काहीही दिसत नाही. त्या दिवसांत काड्यांची गर्दी होऊ दिली आणि डोळ्यांवर ऊन पडलं नाही की संपलं, मग ऑक्टोबरला छाटल्यावर फूट जोरात निघते, पानं हिरवीगार, बाग लांबून मस्त दिसते, आणि घड नसतो, किंवा निघतो आणि जिरतो, बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तंतू, होऊन जाते त्याची. तुझ्या वडिलांना विचार घड जिरण्याचं दुःख काय असतं ते. तुझं पण आत्ता हेच चाललंय असं मला वाटतं, फूट जोरात आहे, डोळ्यावर ऊन पडत नाहीये. आणि अशा वेळी तू पर्पज शोधायला अजून एक कोर्स, अजून एक व्हिडिओ, अजून एक चित्र आणतोयस, म्हणजे अजून एक काडी.

त्या चित्राचं पण सांगते कारण त्या रिकाम्या जागेने तुला बराच त्रास दिलेला दिसतोय. ते चार गोल मुळात जपानी नाहीतच. आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पॅनिश माणसाने पर्पजसाठी ते चित्र काढलं होतं, २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या माणसाने त्याच्या मधोमध इकिगाई हा शब्द टाकला आणि ते जगभर फिरलं. जपानी लोक हा शब्द साध्या गोष्टींनाही वापरतात, नातवंडं, सकाळचा चहा, अंगणातलं झाड. या विषयावर तिथे मनापासून काम केलं ते मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, त्या एका बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम करायच्या, आणि त्यांना प्रश्न पडला होता की आजार तोच, बेट तेच, मग काहींना जगण्यात राम वाटतो आणि काहींना का वाटत नाही. त्यात ‘जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतील’ हे दोन गोल कुठून येणार! तेव्हा तुझी मधली जागा रिकामी राहिली यावरून तुझ्याबद्दल काहीच ठरत नाही, ते चित्र फाडून टाक.

आता ते लंच टायमाचं. तुझ्या पत्रात नऊ गोष्टींना तू दोन-दोन, चार-चार शब्द दिलेस, रेशनच्या यादीसारखे. आणि जिला तू टाइमपास म्हणतोस तिच्यावर ओळीच्या ओळी लिहिल्यास, फर्स्ट अँगल, टॉलरन्स, मायक्रोमीटर किती आवळायचा, पोरं कुठे बसतात, त्यांच्या हातात काय असतं. अर्धा तास कळत नाही म्हणालास. बाकी नऊपैकी एकाही गोष्टीबद्दल तू असं म्हटलेलं नाहीस, बासरीबद्दलही नाही. मी असा दावा करत नाही की हाच तुझ्या आयुष्याचा उद्देश, एका पत्रावरून असं सांगणारा माणूस भोंदू समजावा. पण डोळा फुगलेला दिसतोय एवढं मला नक्की दिसतंय.

आणि हे काम छोटं नाहीये. सातपूर-अंबडला आयटीआयची पोरं येतात ती बरीचशी सुरगाणा, पेठ, हरसूल, दिंडोरी कडची, शिक्षण मराठीतून झालेलं, आणि समोर येतं सगळं इंग्लिश ड्रॉइंग. विचारायची लाज वाटते, सुपरवायझर ओरडतो, मग ती अंदाजाने काम करतात आणि जॉब, म्हणजे केलेला पार्ट, रिजेक्ट झाला की शिव्या खातात. त्यात आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये शिकवतात आणि अमेरिकन कस्टमरचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं, व्ह्यू उलट्या बाजूला, पोराने कोपऱ्यातली ती खूण बघितली नाही की भोक भलत्याच बाजूला. (हे मला माझ्या भाच्याने जेवणाच्या टेबलावर वाटी आणि पेला ठेवून समजावलं, म्हणून कळलं.) मायक्रोमीटर रॅचेटने (ठरावीक दाबानंतर पुढे न आवळणाऱ्या मागच्या कळीने) न फिरवता पोराने ताकदीने आवळला तर ०.०१ मिमी मोजणाऱ्या वस्तूचा काय उपयोग राहिला. या गोष्टी एकदा नीट, प्रेमाने, मराठीत सांगणारा माणूस एखाद्या पोराला विसाव्या वर्षी भेटला तर तो ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, होतो, सेटरचा पुढे अजून काही होतो, घरची एक पिढी बदलते त्याची. तू याला टाइमपास म्हणू नकोस, मला राग आला ते वाचून.

तर आता छाटायचं काय. एक गोष्ट खराब आहे म्हटलं ती ऑप्शन ट्रेडिंग, ती आज बंद कर, उद्या नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत, तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी फ्युचर-ऑप्शन केलं आणि त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत त्याने इथे थांबून विचार करण्यासारखंही काही नाही, अॅप काढून टाक आणि झालेला तोटा बायकोला खरा सांग. पैशापेक्षा मला तुझ्या लक्षाची जास्त काळजी आहे, कारण सव्वानऊ ते साडेतीन, बाजार चालू असेपर्यंत, तुझं अर्धं डोकं तिकडे असणार, आणि पुढे तू ज्या कशाला हात घालशील त्याला अर्धंच डोकं मिळणार.

एमबीए संपव. दोन सेमिस्टर राहिल्यात, ती संपणारी गोष्ट आहे, तारीख आहे तिला. जर्मन तू का करतोयस हे तू लिहिलंच नाहीयेस, त्यावरून मी समजले, कुणीतरी मित्र तिकडे गेला असेल. सोड. सेक्रेटरीपद लगेच टाकून पळू नकोस, पुढच्या जनरल बॉडीत सांग की या वर्षापुरतं बघतो, नंतर दुसरा बघा, आणि त्या तारखेला खरंच हिशोबाची वही देऊन मोकळा हो, कारण हे लोक तुला ‘तूच करू शकतोस रे’ म्हणणार आणि तुला ते आवडणार, त्यासाठी आधीच तयारी ठेव. यूट्यूब चॅनेल बंद करताना मोठी पोस्ट वगैरे टाकू नकोस, नुसतं थांब. आणि बागेचं तू वडिलांशी बस आणि मोकळेपणाने बोल, दर रविवार तू तिथे हवाच असतो का तुला न गेल्याचं वाईट वाटतं म्हणून जातोस, हे एकदा कळू दे. महिन्यातून दोनदा जा पण मुलीला घेऊन जा, आजीच्या हाताखाली कात्री धरू दे तिला.

प्राधान्य या शब्दात प्रधान बसलाय बघ. महाराजांकडे अष्टप्रधान होते पण आठ कामांना आठ माणसं होती, आणि त्यातही पेशवा मुख्य प्रधान. तू एकटाच अमात्य, एकटाच सेनापती, एकटाच डबीर, आणि कारभार नऊ खात्यांचा. आमच्याकडे बायका याला एक ना धड भाराभर चिंध्या म्हणायच्या, म्हण जुनी आहे आणि टोचते, पण मला वाटतं ती चिंध्यांना नावं ठेवत नाही, त्यातलं एखादं तरी लुगडं धड राहू दे एवढंच म्हणते.

बासरीवर मला तुझ्याशी जरा वेगळं बोलायचंय. मी गाणं शिकायचे, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, विशारद करायचं होतं. मग नोकरी, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण आणि हे लिहिण्याचं काम, आणि ३८व्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मी रियाजाला बसते तेव्हा मनात लेख असतो आणि लिहायला बसते तेव्हा रियाज न केल्याची टोचणी असते, दोन्हीकडे मी नाहीच. गाणं सोडायचं ठरवलं त्या दिवशी पेटीवर कापड घातलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आठवडाभर रडू येत होतं. कुणी मेलेलं नव्हतं तरी सुतक असल्यासारखं वाटत होतं, आणि आता वाटतं ते योग्यच होतं, कारण एक बाई, जी मी होऊ शकले असते, ती गेली होती. हे मी तुला मुद्दाम सांगतेय. व्हिडिओवाले सांगतात की नको त्याला नाही म्हणा, हलकं वाटेल. लगेच हलकं वाटत नाही. आधी जड वाटतं, रिकामं वाटतं, संध्याकाळी हात शिवशिवतात, आणि त्या रिकामेपणाला घाबरून माणूस पुन्हा दोन नव्या गोष्टी लावून घेतो. तिथे तग धर. खरड छाटणीनंतरचे ते दिवस आहेत. पेटी माझ्याकडे अजून आहे, कधी रविवारी काढते, परीक्षेचं ओझं नाही म्हणून आता गातेही बरी. तुझी बासरी पण अशीच राहू दे, क्लास आणि फी आणि ‘आपण मागे पडलो’ हे तेवढं काढून टाक.

तुला भीती वाटत असणार की आजवर केलेलं सगळं फुकट गेलं. तुझ्या घरापासून जवळच, पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे, रोज त्या बाजूने जात असशील. दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे, जन्म १८७०चा. चित्रकला शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होते, जादूचे प्रयोग शिकले, छापखाना चालवला आणि त्या भागीदारीतूनही बाहेर पडले. चाळिशीला टेकलेल्या या माणसाकडे बघून नातेवाइकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना कर. मग मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक मूकपट बघितला आणि त्यानंतर मात्र एकच धरलं, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला, सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून सगळं शिकल्या, आणि ३ मे १९१३ला राजा हरिश्चंद्र मुंबईत लागला. फोटोग्राफी, छपाई, जादू, सगळं त्या एका कामात उतरलं. पण ते उतरलं कधी, तर एक धरल्यावर. तुझं यूट्यूबवर बोलणं, बासरीतला संयम, सोसायटीत लोकांना सांभाळणं, हे कुठे जाणार नाहीये, ती पोरं समोर बसली की येईलच ते बाहेर.

मग करायचं काय, तर सहा महिने फक्त तीन गोष्टी, नोकरी, घर आणि ही पोरं. एमबीए आपलं बाजूने संपत राहील. आठवड्यातले दोन दिवस ठरव, मंगळवार-शुक्रवार म्हण, त्या दिवशी लंचला एकच विषय घ्यायचा आणि तो पूर्ण करायचा. साहेबांना विचारून रिजेक्शनच्या पेटीतले दोन-चार जॉब टेबलावर ठेव, फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हातात धरलेला चुकलेला जॉब जास्त शिकवतो असं भाचा सांगतो. एक वही कर आणि पोरं काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव, तुझी उत्तरं लिहू नकोस, त्यांचे प्रश्न लिही. आणि कृपा करून याचं चॅनेल काढू नकोस, सर्टिफिकेट नको, ग्रुपला नाव नको. निदान सहा महिने तरी कुणी बघत नसताना हे चालू दे. त्यानंतरही डबा उघडताना आज काय घ्यायचं हे तुझ्या मनात आपोआप येत असेल तर मला कळव. आणि येत नसेल, कंटाळा आला असेल, तरी कळव, तेव्हा निदान जागा तरी मोकळी असेल, नवीन काही आलं तर दिसेल.

रात्री एक वाजेपर्यंतचं तुझं जागरण मला सतावतंय. कामं कमी केल्यावरही झोप लागली नाही, सकाळी उठू नयेसं वाटलं, कशातच गोडी वाटेना, तर तो पर्पजचा प्रश्न नाही, डॉक्टरचा आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. संकोच करू नकोस.

ता. क.चं उत्तर. रजिस्ट्रेशन करू नकोस. पळायचं तर पळ, पण छातीला नंबर लावून नको, टायमिंग बघून नको. रविवारी गावाला जायचं नसेल त्या सकाळी मुलीला उठव, पांडवलेणीच्या पायऱ्या चढा दोघं, तिच्या वेगाने. वर गेल्यावर ती विचारेल ही लेणी कुणी खोदली, किती दिवस लागले, त्यांच्याकडे कुठलं मशीन होतं. तेव्हा मोबाइल काढू नकोस, तुझं तू सांग.